प्रकाशक : स्वतः

लग्नपत्रिका छापायला येणारा माणूस कधी विचारत नाही की ही पत्रिका किती लोक मनापासून वाचतील. लोक वार, वेळ आणि हॉल बघतात आणि पत्रिका फ्रिजवर ठेवून देतात, हे त्याला ठाऊक असतं. आंब्याच्या पेटीचं लेबल करून घेणारा बागायतदार विचारत नाही की या लेबलाची समीक्षा कुठे येईल. पुस्तक छापायला येणारा मात्र खुर्चीत नीट टेकायच्या आधी विचारतो, "दुसरी आवृत्ती काढायची झाली, तर प्लेटा जपून ठेवाल ना?" पहिल्या आवृत्तीचा कागद अजून आंबा घाट उतरलेलासुद्धा नसतो.

रत्नागिरीत मारुती मंदिराकडून खाली उतरताना माझा छापखाना लागतो. आता मशीन भाचा सांभाळतो आणि मी पुढच्या टेबलाशी बसून लोकांना पुस्तक काढण्यापासून परावृत्त करतो. आजवर एकही परावृत्त झालेला नाही, यावरून माझ्या बोलण्याला किती वजन आहे ते कळावं. चहा पाजतो, धोके सांगतो, समोरचा मान डोलावतो आणि मग पिशवीतून बाड काढतो.

स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना थोडक्यात सांगतो. प्रकाशक हा मुळात 'नाही' म्हणणारा माणूस असतो. हे प्रकरण नको, ही कविता नको, ही प्रस्तावना तर नकोच नको. स्वतः प्रकाशित करायचं म्हणजे हा एक माणूस कमी करायचा. मग 'नाही' म्हणायला उरतो कोण, तर मुद्रक. आणि मुद्रकानं 'नाही' म्हटलं तर त्याचं मशीन रिकामं बसतं. तेव्हा आतल्या पहिल्या पानाच्या मागे 'प्रकाशक : स्वतः' असं छापून आम्ही मोकळे होतो. त्या दोन शब्दांमागे इतके गैरसमज दबा धरून बसलेले असतात की त्यांचंच एक पुस्तक होईल. तेही मीच छापीन.

एका निवृत्त गृहस्थांना वाटलं की पुस्तकाला मिळणारा आयएसबीएन म्हणजे सरकारनं मारलेला शाबासकीचा शेरा. नंबर आला त्या दिवशी त्यांनी आळीत पेढे वाटले. मी त्यांना सांगायला गेलो की हा आकडा गाडीच्या नंबरप्लेटसारखा असतो, गाडी चढ चढेल की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पण तोवर पेढा माझ्या तोंडात होता. जयगडच्या बंदरावर नोकरी करणाऱ्या एका कवीनं पुस्तक इंटरनेटवरच्या दुकानात लावून घेतलं आणि रोज फोन करून अमेरिकेतून मागणी आली का विचारू लागला. दुकानात माल दिसतोय म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं आहे, असा त्याचा हिशेब. शेवटी एक प्रत गेली. मी आनंदानं पत्ता बघितला, तर जयगडचाच. दुकान चालू आहे का ते पाहायला त्यानं स्वतःच मागवली होती.

मुद्रितशोधन कॉम्प्युटर करतो, हा आणखी एक लाडका समज. खरी गोष्ट अशी की मुद्रितं लेखक तपासत नाही, कारण त्याला मजकूर पाठ असतो, आणि आम्हीही वाचत नाही. आम्ही अक्षरं बघतो, वेलांटी तुटली का, ओळ लोंबते का, ते बघतो. मजकुरात खून झाला असला तरी आम्हाला समास बरोबर दिसला की पुरे. याच थोर परंपरेत मी एका बाईंच्या पाककृतींच्या पुस्तकात बांगड्याच्या तिखल्याखाली पापलेटाचा फोटो लावला होता. पुण्यात हे खपलं असतं. रत्नागिरीत मला पुढे कित्येक महिने बाजारातली कोळीण मासा हातात धरून 'हा कुठला ते सांगा आधी' असं विचारून मगच विकायची.

पण ही सगळी किरकोळ विनोदाची खाती. माझ्या मूर्खपणाचा खरा उच्चांक बाळाराम मांडवकरांच्या पुस्तकात झाला, आणि तो मी पूर्ण विचार करून, कलादृष्टी वापरून केला होता.

बाळाराम मांडवकर लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. सगळा जन्म शिफ्टमध्ये गेला. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं, आतल्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला तिकडे पुन्हा जायचं आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावात घर बांधलं आणि गावाचा इतिहास लिहायला घेतला. यातलं घर लवकर पुरं झालं. गावात त्यांना सगळे 'लोट्याचा बाळाराम' म्हणत. शिमग्याला आणि गणपतीला येणारा, पिशवीतून बिस्किटं काढणारा, चार दिवसांनी बस धरणारा माणूस. आता तो कायमचा आला होता आणि कायमचा आलाय हे गावानं मान्य करायचं बाकी होतं. त्यासाठी पुस्तक. शिमग्यात पालखी सहाणेवर बसली की सगळ्या गावासमोर प्रकाशन करायचं, मुंबईचे चाकरमानीही आलेले असतात, म्हणजे एकाच दिवशी सगळ्यांच्या हातात पडेल, असा त्यांचा बेत.

"मला हीच गोष्ट आवडली बघा," ते मला म्हणाले. "लिहिणारा मी, छापणारे तुम्ही, वाचणारा माझा गाव. मध्ये कोण नाय."

मी मान डोलावली. मध्ये कोण नाही, हे ऐकलं की मला आजकाल घाम फुटतो. तेव्हा फुटत नव्हता.

माणूस फार काटेकोर. कंपनीत आयुष्यभर काटे बघत बसल्यामुळे असेल, पण प्रुफाच्या प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरून वाचायचे. असा लेखक मला त्याआधी भेटला नव्हता आणि नंतरही नाही. पुस्तकात काय होतं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण ते मी छापलं आहे. देऊळ कोणी बांधलं, विहीर कुठल्या दुष्काळात खणली, कोण कोण मुंबईच्या कुठल्या गिरणीत होतं, असं भरघोस काहीतरी होतं.

आता थोडं धंद्याचं. पुस्तक एकेक पान सुटं छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. त्यामुळे शहाणा लेखक आपलं म्हणणं सोळाच्या पटीत संपवतो. मांडवकरांचं पुस्तक असं बरोब्बर संपत होतं, फक्त एक पान जास्त होत होतं. एकच. शेवटच्या प्रकरणाचं. मी म्हटलं, हे पान काढा, आटोपशीर होईल. एका पानासाठी निदान अर्धा फर्मा वाढवावा लागेल, म्हणजे एक पान तुमचं आणि सात पानं कोरी. ते म्हणाले, "दुसरं काय पण कापा. विहीर कापा. हे पान ऱ्हायलं पाहिजे."

प्रत्येक लेखकाला त्याचं एखादं पान असंच प्राणाहून प्यारं असतं, आणि बहुधा तेच पुस्तकातलं सगळ्यात भिकार पान असतं. मी वाद घातला नाही. आणि ते पान मी वाचलंही नाही.

राहिली सात कोरी पानं. पुस्तकात कोरी पानं दिसली की लेखकाला वाटतं, मुद्रकानं फसवलं. त्यामुळे ती भरायची असतात. 'टिपा' असं वर छापून खाली नुसत्या रेघा ओढलेली पानं तुम्ही पाहिली असतील. वाचकाला टिपणं काढायची सोय म्हणून ती नसतात, फर्मा भरत नव्हता म्हणून असतात. इथे मला मात्र भारी कल्पना सुचली. त्या जादा पानाच्या मागच्या बाजूला गावच्या मानकऱ्यांचे फोटो टाकू, पुढे गावाचा नकाशा, मग सणांची माहिती, आणि उरलेल्या टिपा. मांडवकरही खूश. गावातले मानकरी पुस्तकात आले म्हणजे पुस्तक गावाचं झालं.

शिमग्यात आमच्याकडे देवाची रूपं, म्हणजे धातूचे मुखवटे, पालखीत बसतात आणि पालखी सहाणेवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर येते. तिथे पहिला नारळ कोणाच्या हातचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, कोणाचं घराणं कोणाच्या आधी, हे सगळं ठरलेलं असतं. त्यालाच मान म्हणतात. हे कुठेही लिहिलेलं नसतं आणि सगळ्यांना पाठ असतं. लिहिलेलं नाही म्हणूनच इतकी वर्षं टिकलं आहे, हे मला पुढे कळायचं होतं.

मांडवकरांनी फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, जसे मिळतील तसे. मी फोन करून विचारलं, कुठल्या क्रमानं लावू? ते तेव्हा लोट्याला पेन्शनच्या कामाला गेले होते, मागे बसचा आवाज. म्हणाले, "तुम्हाला दिसायला बरं वाटेल तसं लावा, सगळे आपलेच आहेत."

मुद्रकाला असं स्वातंत्र्य आयुष्यात क्वचित मिळतं. मी ते वाया घालवलं नाही. म्हटलं, सगळ्यांत न्याय्य क्रम कोणता? तर नावाच्या पहिल्या अक्षराचा. शाळेच्या हजेरीपासून मतदारयादीपर्यंत हाच चालतो. यात कोणी कोणाच्या वर नाही, कोणी खाली नाही. एकसारख्या चौकटी, खाली नावं, 'अ'पासून 'ह'पर्यंत. पान इतकं देखणं झालं की मी भाच्याला बोलावून दाखवलं.

प्रूफ मांडवकरांकडे गेलं. त्यांनी त्या पानाची पुढची बाजू फूटपट्टी धरून तीनदा वाचली आणि मागची बाजू न बघता सही केली. पानाला दोन बाजू असतात. त्यांनी एक तपासली, मी एकही नाही.

शिमग्याला मलाही आमंत्रण होतं. मुद्रकाचा शाल-नारळ देऊन सत्कार होणार होता. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि पुस्तकांच्या खोक्यांबरोबर टेंपोत पुढे बसून निघालो. दुपार कलली होती. पालखी सहाणेवर बसलेली, ढोलवाले सावलीत बिड्या ओढत होते, चाकरमानी नवीन शर्टात मोबाइल वर धरून फिरत होते, बायका एका अंगाला बसल्या होत्या. मांडवकर पांढऱ्या टोपीत, लग्नातल्या मुलीच्या बापासारखे इकडून तिकडे.

गावात पहिला मान हरिश्चंद्रतात्यांच्या घराण्याचा. तात्या ऐंशीच्या घरातले, सडसडीत, फार कमी बोलणारे. शेवटचा मान खालच्या वाडीतल्या अनंताच्या घराण्याचा. पालखी देवळात परत गेली की दार ओढून घ्यायचं, एवढंच त्याचं काम, पण ते दुसऱ्या कोणी करायचं नाही. 'अ' आणि 'ह' यांच्यात मी काय करून ठेवलं होतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं. मी शालीची वाट बघत होतो.

भाषणं नकोत, आधी सगळ्यांना पुस्तकं द्या, मग तात्या नारळ वाढवतील, असं ठरलं. खोकी फोडली, घरटी प्रत वाटली. आता लेखकांचा एक फार मोठा गैरसमज असा की वाचक पुस्तक पहिल्या पानापासून उघडतो. तो शेवटून उघडतो आणि त्यात आपण कुठे आहोत ते शोधतो. सगळ्या सहाणेवर एकाच वेळी शेवटची पानं उलटली. आणि मग हळूहळू बोलणं थांबत गेलं. ढोलवाल्यांनासुद्धा काहीतरी झाल्याचं कळलं.

तात्यांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं. उठून उभा राहिला तो अनंता. मला वाटलं, पहिला आलाय, खूश असेल. त्याचा चेहरा भूत पाहिल्यासारखा पांढरा पडला होता.

"माजं नाव पयलं कोनी घातलान?" तो म्हणाला. "बाळाराम, मी तुला कदी बोललो होतो? लोकं म्हंतील, अनंतानं घालायला लावलान."

मांडवकरांनी पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या गावानं माझ्याकडे बघितलं.

मी पुढे होऊन खुलासा केला. असा खुलासा मी पुन्हा करणार नाही. मी म्हणालो की हा मानाचा क्रम नाहीच, हा अक्षरांचा क्रम आहे, यात सगळे समान असतात. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माज्या बापसानं माजं नाव अनंत ठेवलान असता, तर मी पयला?"

"हो, तसंच."

"मंग मान घराण्याचा ऱ्हायला नाय. बारशाचा झाला."

चाकरमान्यांत थोडं हसू पसरलं. तात्या हसले नाहीत. ते म्हणाले, आज सगळ्यांना ठाऊक आहे की खरं काय ते, आज हसतील. पण आम्ही सगळे गेल्यावर कोणीतरी हे पुस्तक काखेत मारून कोर्टात उभा राहील आणि म्हणेल, बघा, छापलेलं आहे. शेजारच्या खोऱ्यातल्या एका गावाचं त्यांनी नाव घेतलं. तिथे मानावरून दावा लागला आणि पालखी कुलपात गेली. शिमगा येतो, होळी पेटते, देव आत आणि गाव बाहेर. ते ऐकल्यावर हसणाऱ्यांनी मोबाइल खिशात घातले.

छापलेलं असतं ते खरं असतं, हा समज लेखकांचा नव्हे, वाचकांचा. मी जन्मभर छापतो आहे, मला विचाराल तर छापलेलं असतं ते फक्त छापलेलं असतं. पण हे त्या सहाणेवर सांगायची माझी छाती झाली नाही.

मग मी धंद्यातले उपाय काढले. पानावर कागद चिकटवू या. एक सुनबाई म्हणाली, चिकटवलेलं पोरं संध्याकाळपर्यंत सोलतील. शुद्धिपत्र घालू या. शुद्धिपत्र म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर तात्या म्हणाले, म्हणजे ज्याला चूक दिसली नाही त्यालाही दाखवायची. मी म्हटलं, मग सगळी परत नेतो, ते पान नीट करून आणतो. कोणीतरी म्हणालं, बरोबर, पुढच्या शिमग्याला करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे 'पुढच्या शिमग्याला' याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मांडवकरांनाही कळला. गावात कायमचा आलेला माणूस पहिल्याच वर्षी गावच्या मानाला धक्का लावून बसला होता आणि आता खोकी उचलून त्यानं घरी जायचं होतं.

तेवढ्यात अनंता म्हणाला, "येवडं काय? फाडा ना त्येवडंच पान. मी पयला फाडतो."

हा सगळ्यांत सोपा उपाय होता आणि तो मला, मुद्रकाला, सुचला नव्हता. तात्यांनी विचार केला आणि मान हलवली. सगळ्यांना हायसं वाटलं. मी तर घाईघाईनं एक प्रत उघडून बघायला लागलो की पानाबरोबर आणखी काय जातं. आणि त्या पानाची पुढची बाजू, जी कापा म्हणून मी मांडवकरांशी हुज्जत घातली होती, ती तिथे उभ्याउभ्या पहिल्यांदा वाचली.

मांडवकरांच्या वडिलांचं नाव धोंडू. त्यांना कसला मान नव्हता. गावात वीज यायच्या आधी पालखीपुढे गॅसबत्ती घेऊन चालायचं काम त्यांचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, कानाशी तिचा फुसफुसणारा आवाज. बत्ती डोक्यावर असल्यामुळे मागे वळायची सोय नाही. सगळं गाव पालखी नाचताना बघायचं ते धोंडूच्या उजेडात, आणि धोंडूनं ती नाचताना कधी बघितलीच नाही. त्याच्या पुढे सगळा अंधार आणि पाठीमागे देव. मग एका वर्षी चाकरमान्यांनी जनरेटर आणला. धोंडूला कोणी सांगितलं नाही. तो बत्तीत रॉकेल भरून, पंप मारून, धुतलेलं धोतर नेसून सहाणेशी येऊन उभा राहिला आणि दिवे लागले. बस, एवढंच एक पान. 'त्या वर्षी बापानं पहिल्यांदा पालखी बघितली' असं शेवटचं वाक्य होतं.

मी इतकी वर्षं पुस्तकं छापतो आहे. विहिरी, दुष्काळ, गिरण्या, हे सगळे फर्मे त्या माणसानं या एका पानाला बसायला जागा हवी म्हणून लिहिले होते, हे मला तेव्हा कळलं. आणि त्याच पानाच्या पाठीवर मी माझी लोकशाही छापली होती.

तात्यांनी विचारलं, "मागल्या बाजूला काय हाय?"

मी उत्तर देणार होतो, पण मांडवकरच बोलले. "बापूस हाय."

"धोंडू?"

"धोंडू."

तात्यांनी मांडीवरचं पुस्तक सरळ केलं. मग म्हणाले, "बाळ्या, मंग तू ठरव. आख्खं हवं असंल तर खोक्यात ठेव. गावात ऱ्हायचं असंल तर ह्ये पान नको."

एखाद्या लेखकाला इतक्या स्वच्छ शब्दांत प्रकाशनव्यवसाय समजावून सांगितलेला मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही. पुस्तक अख्खं ठेवायचं तर कोणी वाचणार नाही. वाचलं जायचं तर ज्यासाठी लिहिलं तेच काढायचं.

मांडवकरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांची बायको बायकांच्या घोळक्यातून उठून उभी राहिली होती, तिच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. "फाडा," ते म्हणाले. आणि लोक पुस्तकं उघडायला लागल्यावर हात वर केला. "पन वाचून फाडा. ज्याच्या हातात असंल त्यानं पयलं वाचायचं, मंग फाडायचं."

मी शेकडो प्रकाशनसमारंभ पाहिले आहेत. त्यांत पुष्पगुच्छ असतात, वडा असतो, अध्यक्ष असतात आणि 'पुस्तक वाचायला अजून सवड झाली नाही, पण' अशी सुरुवात असते. समारंभात पुस्तक वाचणारे लोक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. एक अख्खं गाव खाली मान घालून एकच पान वाचत बसलं होतं. ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं त्यांना सुना वाचून दाखवत होत्या. कोणी बोट धरून, कोणी ओठ हलवत. तात्यांनी पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरलं होतं. एक म्हातारी मध्येच म्हणाली की धोंडूभावजी आमच्या अंगणात बत्ती टेकवायचे आणि गुळाचा खडा मागायचे. तिला कोणी गप्प केलं नाही.

मग फाडण्याचा आवाज सुरू झाला. बांधणी मी कधी नव्हे ती मजबूत केली होती, त्यामुळे लोकांना बरंच ओढावं लागलं. आपलं काम चोख झाल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

फाडलेली पानं तात्यांपुढे जमा करायची आणि होळीच्या राखेवर जाळायची, असं कोणीतरी जाहीर केलं. तात्यांपुढे पानं काही जमेनात. मी बघत होतो. चाकरमान्यांनी मोबाइलच्या कव्हरात घडी घालून ठेवली, बायकांनी पदराच्या गाठीत. ती धोंडूसाठी ठेवली, की मागच्या बाजूला आपल्या घरच्या माणसाचा रंगीत फोटो होता म्हणून, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. अनंतानं तर दोन घेतली, आणि त्यात धोंडूचा वाटा किती ते देव जाणे. कोणीतरी तात्यांना म्हणालं, अहो, पानं लोकांकडेच राहतायत, मग काय उपयोग?

तात्या म्हणाले, "बांदलेलं हाय तवर पुरावा. सुटं झालं की फोटू." आणि आपलं पान त्यांनी चौघडी करून टोपीच्या आत ठेवलं. मग नारळ वाढवला आणि पुस्तक प्रकाशित झालं.

सत्काराची शाल मला मिळाली नाही. ती ढोलवाल्याला दिली, ते योग्यच झालं. ते पुस्तक आता त्या गावात घरोघरी आहे. बहुतेक ठिकाणी टीव्हीच्या डब्याखाली असतं, डबा त्यामुळे बरोब्बर सपाट बसतो. ते पुन्हा कोणी उघडलं असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी ढोल पुन्हा वाजायला लागले. पालखी उठली. मी आणि मांडवकर उरलेली खोकी टेंपोत चढवत होतो. त्या खोक्यांतल्या प्रतींमधलंही ते पान गावच्या पोरींनी तेवढ्यात काढून नेलं होतं. मांडवकरांनी एक प्रत उचलली आणि शेवटाला उघडली. विहीर होती, गिरण्या होत्या, नकाशा होता, टिपांच्या रेघा होत्या, मध्ये दात पडल्यासारखी फट होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"रत्नागिरीत कोन प्रत घेईल," ते म्हणाले, "आनि विचारील की हितलं पान कुटं गेलं. तर मी काय सांगू?"

लेखकांना सांगायच्या थापांचा माझ्याकडे बराच साठा आहे. त्यातली एकही मला आठवेना.

"सांगा," मी म्हटलं, "वाचकांनी नेलं."